एका तक्रारीतील तीन पक्षी : गोदाकाठच्या शिक्र्याच्या घरट्याची निश्चिती

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर नदीच्या बाजूस असलेल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या समितीपुढे काही रहिवाशांचा लेखी अर्ज आला. आवारातल्या मोठ्या झाडावर ससाण्याने घरटे केले आहे, तो गच्चीवर जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालतो, दिवसरात्र ओरडतो आणि त्यामुळे मुलांना वर पाठवणे धोक्याचे झाले आहे, असे त्यात म्हटले होते. पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी या वर्षी लवकर उरकावी आणि ते घरटेही त्याच वेळी उतरवावे, अशी अर्जदारांची मागणी होती. छाटणीपूर्वी पक्षी नेमका कोणता आहे हे कोणीतरी पाहून द्यावे, अशी विनंती सचिवांनी केली आणि त्यातून ही नोंद तयार झाली. सोसायटीचे नाव आणि झाडाची जागा येथे मुद्दाम दिलेली नाही. घरट्याचा पत्ता एकदा पसरला की कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते, आणि छाटणीच्या करवतीइतकाच या वर्दळीचाही पक्ष्यांना जाच होतो.

जागेची थोडी माहिती आवश्यक आहे. गंगापूर धरणाखाली सोमेश्वरच्या धबधब्यापासून आनंदवल्लीकडे येताना गोदावरीचे पात्र काळ्या बेसॉल्टमध्ये खोल गेलेले आहे आणि काठ बऱ्याच ठिकाणी उंच आहेत. धरणातून उन्हाळ्यातही पाण्याची आवर्तने सुटतात, त्यामुळे डोहांत पाणी राहते. शिवाय निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मज्जाव असल्याने इमारती आणि पाणी यांच्यामध्ये झाडाझुडपांचा एक अरुंद पट्टा शिल्लक राहिला आहे. करंज, उंबर, बाभूळ आणि सुबाभूळ काठावर, तर रेन ट्री, नीलगिरी, गुलमोहर आणि आंबा सोसायट्यांच्या आवारांत, अशी त्याची सर्वसाधारण रचना आहे. शिकारी पक्ष्याला यापेक्षा फार काही लागत नाही: घरट्यासाठी दाट शेंडा, टेहळणीसाठी उघडी फांदी, आणि सरडे, खारी, चिमण्या व उंदीर यांची मुबलक वस्ती. शहराच्या मधोमध शिकारी पक्षी कसा काय, हा प्रश्न अर्जदारांनी आश्चर्याने विचारला होता. पण एवढे सारे जिथे आयते मिळते तिथे तो न येता, तरच नवल होते.

तक्रारीची उकल

अर्जातील मजकूर बारकाईने वाचल्यावर लक्षात आले की त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत: एक हल्ल्याचा, एक आवाजाचा आणि एक घरट्याचा. तिन्ही दावे करणाऱ्या व्यक्तीही निरनिराळ्या होत्या. ज्यांनी मार खाल्ला त्यांनी घरटे पाहिले नव्हते. ज्यांची झोपमोड झाली त्यांनी पक्षी पाहिला नव्हता. आणि घरटे आहे असे सांगणाऱ्या सुरक्षारक्षकाला त्या पक्ष्याचा काहीही त्रास नव्हता. तरीही अर्ज लिहिताना हे तिघे एकाच ससाण्याच्या खात्यावर जमा झाले होते. पक्षी ओळखण्यात चूक होते ती बहुतेक वेळा पिसांचे रंग न कळल्यामुळे नव्हे. वेगवेगळ्या पक्ष्यांचा पुरावा एकत्र केल्यामुळे होते, असे माझे मत आहे, आणि या प्रकरणात ते पदोपदी दिसले. म्हणून प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र माग घेण्याचे ठरवले.

हल्ल्याचा उलगडा सर्वांत लवकर झाला. झडप बसली होती ती चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना, आणि तीही कुरडया वाळत घालताना. त्यांना पक्ष्याचा आकार विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, कावळ्याच्या दुप्पट होता. मागून आला, दिसलाच नाही. नुसता वारा लागला डोक्याला आणि मग नखं.” हे एक वाक्यच पुरेसे होते. शिक्रा, म्हणजे लोक ज्याला ससाणा म्हणतात तो शहरी शिकारी पक्षी, हा साधारण पारव्याएवढा असतो. लांबी सुमारे ३० ते ३५ सेंटीमीटर, म्हणजे गावकावळ्याहूनही लहान. कावळ्याच्या दुप्पट दिसणारा आणि माणसाच्या डोक्यावर मागून येणारा शहरी पक्षी म्हणजे घार. गच्चीच्या पूर्वेला असलेल्या नीलगिरीच्या शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा ढीग होता, त्यातून चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा लोंबत होता, आणि दुर्बिणीतून पाहिले असता त्यात चांगली वाढलेली पिल्ले होती. आपल्याकडे घारी जानेवारी-फेब्रुवारीतच घरट्याला लागतात, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला पिल्ले मोठी असणे अपेक्षितच होते. आणि पिल्ले असताना घार घरट्याच्या पातळीवर येणाऱ्या माणसाला शत्रू मानते. नीलगिरीचा शेंडा आणि ती गच्ची जवळजवळ एकाच उंचीवर होती. शेजारच्या मुलाने मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत पक्षी वळताना शेपटीची खाच स्पष्ट दिसत होती. खाच असलेली शेपटी आपल्या शहरी शिकारी पक्ष्यांत फक्त घारीची असते. तीही शेपूट पूर्ण पसरली की जवळपास सरळ कापल्यासारखी दिसते, म्हणून खाच दिसली तर घार निश्चित, पण दिसली नाही म्हणून घार नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

आवाज

दुसरा दावा रात्रीच्या ओरडण्याचा होता. शिक्रा दिवसा शिकार करणारा पक्षी आहे आणि अंधार पडल्यावर तो गप्प असतो. रात्री दोन वाजता चढत्या सुरात, तीन-तीन स्वरांची तीच ती साद वाढत वाढत टिपेला पोहोचून एकदम तुटणे, हे वर्णन ऐकल्यावर कोणताही शेतकरी पक्ष्याचे नाव सांगेल. तो पावशा होता, ज्याची साद आपल्याकडे ‘पेरते व्हा’ अशी ऐकली जाते. उन्हाळा तापू लागला की त्याचे ओरडणे सुरू होते, ते पाऊस स्थिरावेपर्यंत चालते, आणि चांदण्या रात्री तर त्याला खंड नसतो.

येथे प्रकरण खरे गुंतागुंतीचे होते, कारण पावशा नुसता ऐकूच येत नव्हता तर दिसतही होता, आणि जो कोणी त्याला पाही तो ससाणाच पाहिला असे शपथेवर सांगे. त्यात त्यांचा दोष नाही. पावशाची राखाडी पाठ, छातीवरची तांबूस छटा, पट्ट्यांची लांब शेपटी, आणि फडफड करून मग तरंगत जाण्याची उडण्याची ढब, हे सारे शिक्र्यासारखे आहे. फांदीवर उतरताना तो खालून वर झेपावून बसतो आणि शेपटी डावी-उजवी हलवतो, तेही शिक्र्यासारखेच. हे साम्य इतके पक्के आहे की छोटे पक्षीसुद्धा त्याला पाहून धोक्याची हाक देतात. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि त्या आवारात सातभाईंचा एक मोठा थवा पावशाच्या मागे कलकलाट करत फिरताना रोज दिसे. पाहणाऱ्याला वाटे, ससाण्याला हुसकावताहेत. दोघांत फरक करायचा तर चोच आणि पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आखूड, बुडापासूनच वळलेली असते आणि पाय लांब, पिवळे व नख्यांचे असतात. पावशाची चोच बरीचशी सरळ असते, पाय आखूड असतात आणि बसल्यावर दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. शिक्रा ताठ बसतो. पावशा बहुधा आडवा, पंख किंचित खाली सोडून बसतो आणि त्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते.

आवाजात आणखी एक भानगड निघाली. एका रहिवाशाने मोबाइलमधील आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपचा निकाल दाखवला. त्यात सकाळी सहाच्या सुमारास ‘शिक्रा’ अशी नोंद होती. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकल्यावर दोन स्वरी, टोकदार ‘टि-टुई’ खरोखर ऐकू येत होती. पण तिच्या पाठोपाठ खरखरीत, करकरणारे स्वर होते आणि ते कोतवालाचे होते. काळा कोतवाल शिक्र्याची नक्कल हुबेहूब करतो. त्या आवाजाने साळुंक्यांना उडवून लावून त्यांनी मागे सोडलेला किडा तो पळवतो, अशी निरीक्षणे पक्षिअभ्यासकांनी नोंदवलेली आहेत. म्हणजे आवारात शिक्रा नसतानाही शिक्र्याची हाक असू शकते. अ‍ॅपने आवाज बरोबर ओळखला होता, फक्त गाणारा चुकीचा सांगितला होता. यानंतर केवळ आवाजावर आधारलेली एकही नोंद ग्राह्य धरायची नाही, असे ठरवले, आणि माझ्या मते घरट्याच्या निश्चितीसाठी हा नियम नेहमीच पाळावा.

घरटे कोणाचे

हल्ला घारीचा आणि ओरड पावशाची, हे सिद्ध झाल्यावर समितीतील काहींना प्रकरण संपल्यासारखे वाटले. ससाणा नाहीच, असा निष्कर्ष त्यांनी काढून टाकला. पण तिसरा दावा अजून तसाच उभा होता. सुरक्षारक्षकाचे म्हणणे साधे होते: “साहेब, तो बारका पक्षी रोज सकाळी त्या झाडात काड्या नेतो. पण चोचीत नाही धरत, पायात धरून नेतो.”

या प्रकरणातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हे होते आणि ते दुर्बिणीशिवाय झाले होते. कावळा काटकी चोचीत धरून नेतो. शिक्रा ती बहुधा पायात धरतो. नर आणि मादी दोघेही घरटे बांधतात, आणि ते तयार झाल्यावर कावळ्याच्या घरट्यासारखेच काटक्यांचे, आत गवताचे अस्तर असलेले दिसते. म्हणून रिकामे घरटे पाहून ते कोणाचे हे ठरवणे जवळजवळ अशक्य असते. शहरी कावळ्याच्या घरट्यात बरेचदा तारांचे तुकडे असतात, या घरट्यात एकही तार दिसली नाही. पण एवढ्यावर कोणी शिक्कामोर्तब करू नये. घरट्यावर कोण बसते, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

घरटे होते ते आवारातील रेन ट्रीच्या वरच्या भागात, जिथे मुख्य फांदी तीन फाट्यांत विभागते. खालून ते दिसत नसे. समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरील जिन्याच्या खिडकीतून मात्र ते किंचित खालच्या पातळीवर, पुरेशा अंतरावर दिसे, आणि सगळी निरीक्षणे तिथूनच, ८ पट मोठे दाखवणारी दुर्बीण आणि तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचे पाहण्याची एकनळी दुर्बीण) वापरून झाली. झाडावर कोणी चढले नाही, ड्रोन वापरला नाही, आणि पक्ष्याला समोर आणण्यासाठी त्याचा आवाज वाजवला नाही. ड्रोनचा आग्रह एका उत्साही तरुणाने बराच धरला होता, तो नाकारावा लागला. घरट्यावरची मादी ड्रोनला दुसरा शिकारी पक्षी समजून अंडी उघडी टाकून जाऊ शकते, हे त्याला पटवून देण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

पहिल्यांदा जोडी एकत्र दिसली तेव्हा आकारातील फरक लगेच जाणवला. या कुळात मादी नराहून ठळकपणे मोठी असते. नर राखेच्या निळसर रंगाचा, छाती-पोटावर बारीक, दाट, फिकट तांबूस आडव्या रेषा असलेला आणि लालभडक डोळ्यांचा होता; मादीची पाठ जरा तपकिरीकडे झुकणारी आणि डोळे नारिंगी-पिवळे होते. गळ्याच्या मध्यावरून जाणारी उभी रेघ दोघांतही होती, पण इतकी अस्पष्ट की उन्हाचा कोन बदलला की नाहीशी होई. नराने अंग झाडून शेपटी पसरली तेव्हा तिची मधली पिसे जवळजवळ बिनपट्ट्यांची, सरळ राखाडी दिसली आणि पट्टे फक्त कडेच्या पिसांवर होते. ही शेवटची खूण मी स्वतः सर्वांत विश्वासाची मानतो, कारण छातीचा रंग प्रकाशाने फसवतो, शेपटी सहसा फसवत नाही.

तरीही दोन जवळचे पर्याय नीट बाजूला काढणे भाग होते. पहिला युरेशियन चिमणीमार ससाणा. तो महाराष्ट्रात हिवाळी पाहुणा आहे, आपल्या देशात त्याची वीण हिमालयात होते, आणि एप्रिलच्या मध्यानंतर गोदाकाठी घरट्यात काड्या नेणारा पक्षी तो असणे कल्पनेच्या पलीकडचे आहे. शिवाय उडताना पंखाच्या टोकाशी बोटांसारखी सुटी दिसणारी पिसे त्याला सहा असतात, शिक्र्याला पाच; नर घिरट्या घालत वर चढत असताना घेतलेल्या छायाचित्रात पाचच मोजता आली. दुसरा पर्याय अधिक गंभीर होता. बेसरा हा सह्याद्रीतील दाट झाडीचा रहिवासी आहे आणि नाशिकच्या पश्चिमेला डोंगर काही फार दूर नाहीत. पण बेसऱ्याच्या गळ्यावरची उभी रेघ ठसठशीत काळी असते, छातीवर रुंद, तुटक, गडद ओघळ असतात, आणि शेपटीवरचे गडद पट्टे व त्यांच्यामधल्या फिकट जागा जवळपास सारख्या रुंदीच्या दिसतात. यांतले काहीही या जोडीत नव्हते. अधिवासाचा मुद्दाही बेसऱ्याच्या विरुद्ध जात होता, मात्र त्याला मी फारसे वजन दिले नाही. पक्षी पुस्तकातील नकाशे वाचत नाहीत, आणि अधिवासावरून ओळख पटवण्याची सवय लागली की अनपेक्षित पक्षी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

कापशी घारीचे नावही एकाने सुचवले होते, कारण तिचेही डोळे लाल असतात. खांद्यावरचा काळा डाग, पांढरे पोट आणि हवेत एका जागी थरथरत राहून शिकार शोधण्याची रीत या तीन गोष्टींमुळे तिचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला.

ज्यांना जुनी पुस्तके चाळायची सवय आहे त्यांच्यासाठी एक सूचना: शिक्र्याचे शास्त्रीय नाव त्यांत अ‍ॅसिपिटर बॅडियस असे सापडेल. २०२४ मध्ये जागतिक पक्षियाद्यांनी या कुळाची फेरमांडणी केली आणि शिक्रा आता टॅचिस्पिझा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या वेगळ्या गटात, गेला आहे. बेसराही त्याच्यासोबत गेला, चिमणीमार मात्र अ‍ॅसिपिटरमध्येच राहिला. त्यामुळे नव्या यादीत शोधताना नाव सापडले नाही तर गोंधळू नये.

वीण निश्चित कधी म्हणावी

पक्षी ओळखला म्हणजे वीण सिद्ध झाली, असे होत नाही. वीण नोंदवताना पक्षिनिरीक्षक तीन पायऱ्या मानतात: शक्य, संभाव्य आणि निश्चित. योग्य हंगामात योग्य जागी पक्षी दिसणे ही पहिली पायरी, जोडीचे मीलन किंवा हद्दीसाठीची भांडणे ही दुसरी, आणि वापरात असलेले घरटे, अंड्यांवरची मादी किंवा चारा नेणारे पालक ही तिसरी. समितीला निर्णय घ्यायचा होता तो तिसऱ्या पायरीवर, कारण शिकारी पक्षी कधी कधी घरटे बांधून ते सोडून देतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मादी हलेनाशी झाली. घरट्याच्या काठावरून तिची शेपूट तेवढी, तिरकी वर आलेली दिसे. भर दुपारी, जेव्हा बाकीचे सारे पक्षी सावलीला गेलेले असत, तेव्हाही ती शेपूट तिथेच असे. नर सावज घेऊन येई तो घरट्यावर येत नसे. तो शेजारच्या वाळक्या फांदीवर उतरून हाक देई, मादी उठून जाई, सावज घेई आणि तिथेच किंवा जवळच्या फांदीवर खाऊन परत घरट्यात येई. या फांदीखाली सुरक्षारक्षकाने झाडलोट करताना सापडलेल्या वस्तू एका खोक्यात जपून ठेवल्या होत्या: सरड्याच्या शेपट्या, खारीच्या केसांचे पुंजके, चिमणीची आणि साळुंकीची पिसे. सरड्यांचे प्रमाण इतके जास्त होते की शिक्रा म्हणजे चिमण्यांचा काळ ही समजूत किमान या जोडीपुरती तरी खोडून काढावी लागली.

शिक्रा साधारण तीन-चार अंडी घालतो आणि ती उबायला १८ ते २१ दिवस लागतात. त्या हिशेबाने पिल्ले मेच्या मध्यानंतर अपेक्षित होती, आणि खरोखरच त्या सुमारास वागणे बदलले: मादी सावज घेऊन फांदीवर न थांबता थेट घरट्यात येऊ लागली, मान खाली घालून लहान लहान घास तोडू लागली, आणि खोडाच्या बाजूला पांढऱ्या शिटेचे शिंतोडे वाढले. स्कोपमधून पांढरी लव असलेली तीन डोकी दिसल्यावर वीण निश्चित म्हणून नोंदली.

छाटणीत कोणाचा बळी जाणार होता

शिक्र्याच्या निमित्ताने आवार बारकाईने पाहिले गेले आणि त्यातून असे काही हाती लागले जे अर्जात कुठेच नव्हते. छाटणीच्या यादीत सर्वांत वर होती ती गुलमोहराची वाळलेली, इमारतीकडे झुकलेली आडवी फांदी. तिला धोकादायक ठरवण्यात काही वावगे नव्हते. परंतु तिच्या खालच्या अंगाला, नाण्यासारखे गोल आणि कडा सुबक घासलेले एक भोक होते, आणि थोड्या वेळाने त्यातून तांबटाचे डोके बाहेर आले. तांबट वाळक्या किंवा कुजत आलेल्या फांदीतच ढोली कोरतो, कारण जिवंत लाकूड त्याच्या चोचीला जड जाते. आणि तो ती फांदीच्या खालच्या बाजूला कोरतो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. याचा अर्थ असा की ‘फक्त वाळलेल्या फांद्या काढा, हिरव्या ठेवा’ ही झाडांच्या हिताची म्हणून सर्वत्र दिली जाणारी सूचना, एप्रिल-मे महिन्यांत तांबटाच्या मुळावर येते. ससाण्यावरून पेटलेल्या वादात त्याची कोणी दखलही घेतली नसती.

नदीकडच्या कुंपणापलीकडे, काठाच्या मातीच्या भिंतीत खंड्याचे बीळ होते. त्याला छाटणीचा धोका नव्हता, मात्र काठ सपाट करण्याचा होता. कोतवालाचे घरटे रेन ट्रीच्याच बाहेरच्या फाट्यावर होते. आपल्याहून कितीतरी मोठ्या पक्ष्याच्या पाठीत चोच मारणारा हा पक्षी शिक्र्याच्या इतक्या जवळ कसा राहिला, हे पाहणे मनोरंजक होते. तो नराला दर फेरीला हुसकावत असे, आणि नर त्याची फारशी दखल घेत नसे.

निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

समितीच्या बैठकीत कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे यांचा समावेश आहे. झाडांबाबत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण झाडाला हात लावण्याची परवानगी म्हणजे घरटे उतरवण्याची परवानगी नव्हे. सोसायटीने केलेल्या अर्जात घरट्यांचा उल्लेखच नव्हता, तो पुरवणी पत्राने करण्यात आला.

खरे सांगायचे तर कायद्याने फारसे कोणाचे मन वळले नाही. मन वळले ते आजींचे, आणि त्यांच्यामुळे इतरांचे. त्यांना झडप घालणारी घार नीलगिरीवर आहे, तिची पिल्ले थोड्याच दिवसांत उडतील आणि त्यानंतर ती गच्चीकडे फिरकणारही नाही, हे स्कोपमधून प्रत्यक्ष दाखवल्यावर त्यांनी वाळवण पश्चिमेकडच्या गच्चीवर हलवले आणि वर जाताना छत्री उघडून जाऊ लागल्या. घार पाठमोऱ्या डोक्यावर येते, उघड्या छत्रीवर येत नाही. मे सुरू होता होता घारीची पिल्ले नीलगिरी सोडून गेली आणि झडपा थांबल्या. ज्या शिक्र्याचे घरटे उतरवण्याची मागणी होती, त्याने या संपूर्ण काळात एकाही माणसाकडे ढुंकून पाहिले नव्हते.

रेन ट्री, नीलगिरी आणि गुलमोहर या तिन्ही झाडांची छाटणी पुढे ढकलण्यात आली. गुलमोहराच्या फांदीखालची दोन वाहने रखवालदाराच्या केबिनमागे हलवली आणि त्या जागेला दोरी लावली. धोका फांदीचा होता, तो माणसे खालून हटवूनही कमी करता येत होता. मेच्या अखेरीस वळवाच्या एका जोरदार पावसाने रेन ट्रीची एक बाहेरची फांदी कोतवालाच्या घरट्यासह पडली. शिक्र्याचे घरटे खोडालगतच्या तिहेरी फाट्यात असल्याने टिकले.

जूनच्या उत्तरार्धात पिल्ले घरट्याबाहेरच्या फांद्यांवर येऊन बसू लागली आणि मग रहिवाशांच्या गटावर नव्या पक्ष्याची छायाचित्रे फिरू लागली: तपकिरी पाठ, पांढुरक्या छातीवर गडद तपकिरी थेंबांसारखे उभे ठिपके, गळ्यावर स्पष्ट उभी रेघ आणि फिकट पिवळे डोळे. हा बेसरा आहे, असे एका जाणकाराने ठामपणे लिहिले. गळ्याची रेघ पाहता ते अगदीच निराधार नव्हते, आणि अल्पवयीन शिक्रा व बेसरा यांची गल्लत अनुभवी लोकही करतात. पण हे पक्षी त्याच घरट्यातून बाहेर आलेले, त्याच जोडीकडून चारा घेणारे होते. त्यांच्या शेपटीवरचे गडद पट्टे मधल्या फिकट जागांहून अरुंद होते आणि पायांची मधली बोटे बेसऱ्यासारखी लांबलचक नव्हती. घरट्यावरच्या नोंदी ठेवल्याचा फायदा येथे झाला, नाहीतर गोदाकाठी बेसऱ्याची वीण झाल्याची एक चुकीची नोंद कायमची राहिली असती. तीनपैकी दोन पिल्ले उडताना दिसली; तिसरे मृगाच्या पावसानंतर दिसले नाही.

छाटणी ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. तोवर शिक्र्याची पिल्ले पांगली होती आणि घारी पुन्हा घरट्याला लागायला अवकाश होता. होले मात्र बारमाही घरटी करतात, म्हणून करवत लावण्याआधी प्रत्येक फांदी दुर्बिणीने तपासण्यात आली. गुलमोहराची वाळलेली फांदी पूर्ण न काढता, इमारतीकडे झुकलेला भाग कापून ढोली असलेला बुडाकडचा हातभर भाग खोडाला तसाच ठेवला आहे. समितीच्या नोंदवहीत आता छाटणीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने लिहिलेले आहेत, आणि कंत्राटदाराच्या कामाच्या यादीत पक्ष्यांच्या ढोली व घरटी पाहण्यासाठी एक वेगळा रकाना घातला आहे.